पुंगळीवरचा तावाचा डाग

एमिल हुडाकचा शब्द म्हणजे आमच्या नेमबाजीच्या क्लबात काळ्या दगडावरची रेघ. फक्त ती रेघ तो बुटांच्या खोक्याच्या पुठ्ठ्यावर ओढायचा, एवढंच. क्लबाच्या तळघरात कॉफीच्या मोठ्या भांड्याशेजारी असे पंधरा-वीस पुठ्ठे टाचणीनं लावलेले असत. प्रत्येकावर काडतुसाच्या पितळी पुंगळ्या बनवणाऱ्या कुणाचं तरी नाव, खाली बारीक अक्षरात चार ओळी आणि शेवटी निकाल. ‘घ्या’ किंवा ‘घेऊ नका’. मधला शब्द एमिलकडे नव्हता.

डोंगरातला कोळसा संपला, शर्ट शिवणारे कारखाने गेले, तरी आमच्या शेफर्स गॅप गावातली माणसं हिवाळ्यातला मंगळवार सोडत नाहीत. संध्याकाळी जेवण उरकून सगळे तळघरात जमतात आणि कागदावरच्या काळ्या गोलावर पिस्तुलं चालवतात. विकतचं काडतूस इथं कुणी वापरत नाही. जो तो आपापलं घरी भरतो, आणि शेजाऱ्याचं कसं चुकीचं भरलेलं आहे ते त्याला सांगतो. गोळी जाते, दारू जळते, बुडातली टोपी फुटते. परत हातात येते ती पुंगळीच, आणि तीच पुन्हा भरायची असते, दहा-दहा, पंधरा-पंधरा वेळा. म्हणून नवी पुंगळी घेताना माणसं जावई बघितल्यासारखी बघतात. आणि बघून झालं की एमिलकडे नेतात.

कारण एमिलनं दारूगोळ्याच्या कारखान्यात तपासणीच्या खोलीत एकतीस वर्षं काढली होती. तो आधी मूठभर पुंगळ्या ओंजळीत घेऊन नुसत्या खुळखुळवायचा. चांगलं पितळ किणकिणतं. एखादीला केसाएवढी चीर असली तरी त्या घोळक्यात तिचा आवाज बोदा येतो, आणि एमिलच्या कानाला तो लगेच सापडायचा. मग एकेक पुंगळी दिव्याकडे धरून आत डोकवायचा. बुडाचं भोक मधोमध आहे का, त्याच्या कडेला पितळाचा कीस राहिलाय का, टोपी बसते ती खोबण सगळ्यांना सारखीच खोल आहे का. मग व्हर्नियरनं लांबी, तोंडाची जाडी, मग दहा-दहाचं वजन. आणि सगळ्यात शेवटी पन्नास भरून झाडायच्या. एवढं झालं की पुठ्ठा.

अठ्ठ्याऐंशी सालच्या डिसेंबरात रॉनी सॅबोल एक खोकं घेऊन क्लबात आली. रॉनी म्हणजे वेरॉनिका, तेव्हा पन्नाशीच्या उंबरठ्यावर. तपासणीच्या खोलीत नऊ वर्षं ती एमिलच्या हाताखाली होती. कारखाना बंद झाला तेव्हा बाकीच्या बायका रडल्या आणि रॉनीनं लिलावात पितळ दाबायच्या दोन जुन्या प्रेस घेतल्या. बंद पडलेल्या शर्टांच्या कारखान्यातला एक कोपरा भाड्यानं घेऊन तिनं भावाच्या मदतीनं दीड वर्ष खपून पिस्तुलाच्या पुंगळ्या काढल्या होत्या. हा पहिला घाणा.

“रॉनी, भांडी का नाही बनवलीस गं? पिरोगी तरी तळल्या असत्या आम्ही,” क्लबाचा अध्यक्ष लेफ्टी म्हणाला.

“तुझ्या नेमबाजीला भांडंच बरं पडेल लेफ्टी. मोठं असतं, लागेल तरी,” रॉनी म्हणाली, आणि खोकं एमिलसमोर ठेवलं. “शंभर आहेत. सवडीनं बघा. तुम्ही म्हणाल तेच चार जिल्ह्यांतले क्लब म्हणतील, ठाऊक आहे मला.”

शंभरातल्या पन्नास तिथल्या तिथेच गेल्या. वासिल पेत्रुस्का म्हणून आमचा एक ट्रकवाला आहे, त्याला कशाचाच धीर नाही. एमिलचा निकाल लागेपर्यंत कोण थांबतं म्हणत त्यानं पैसे टाकले आणि पन्नास मोजून खिशात भरल्या. उरलेल्या पन्नास एमिल घरी घेऊन गेला.

एमिलच्या घरात तेव्हा त्याच्याशिवाय कुणी नव्हतं. त्याची बायको ओल्गा सप्टेंबरात गेली होती. तीस वर्षं ती दर गुरुवारी सेंट मायकेल चर्चमधल्या पितळी समया उजळायची. ती गेल्यावर एमिलनं ते काम आपल्याकडे घेतलं. तिचाच पॉलिशचा डबा, तिचंच फडकं. स्वयंपाकघरातल्या ज्या टेबलावर काडतुसं भरायची, त्याच टेबलावर तो डबाही असायचा.

रॉनीच्या पुंगळ्या त्यानं खुळखुळवल्या. किणकिणल्या. आत डोकावला, भोकं मधोमध. मापं तर अशी, की दोनदा व्हर्नियर पुसून पाहिलं. पण प्रत्येकीच्या तोंडाशी निळसर-तपकिरी डाग होता. पितळाला तोंडाशी ताव देऊन, म्हणजे तापवून, मऊ केलं की असा डाग उठतो. कारखान्यात रायफलच्या पुंगळ्यांवर तो मुद्दाम राखायचे, म्हणजे ताव दिल्याची खूण दिसते. पण पिस्तुलाच्या पुंगळीवर कुणी ठेवत नाही, घासून टाकतात. एमिलला वाटलं, पोरगी घाईत होती, घासायचं विसरली. आपल्या हाताखालची पोरगी, चारचौघांत तिचा माल कळकट दिसायला नको. त्यानं ओल्गाचं फडकं घेतलं, डब्यात बुडवलं आणि पन्नासच्या पन्नास पुंगळ्या एकेक करून उजळल्या. मग एकमेकींवर आपटू नयेत म्हणून त्याच फडक्यात गुंडाळून कॉफीच्या डब्यात भरल्या आणि झाकण गच्च लावलं.

हे सगळं त्यानं मायेनं केलं, हे खरं. पण मायेनं केलं म्हणून काही पितळ त्याला माफी देणार नव्हतं.

दुसऱ्याच दिवशी तो तापानं पडला तो तीन आठवडे. डबा तसाच राहिला, स्टोव्हच्या शेजारी.

जानेवारीत त्यानं त्या, एकदा खुळखुळवून झाल्यात म्हणून पुन्हा कान न लावता, भरल्या आणि मंगळवारी झाडल्या. पन्नासातल्या अकरा तोंडापासून उभ्या चिरल्या. माणसं भोवती जमली. हातात घेऊन बोटं फिरवू लागली. लेफ्टी म्हणाला, “पहिल्याच बाराला? मग मी म्हणत होतो ना, भांडी बनव म्हणून.” सगळे हसले. एमिल हसला नाही, पण थांबलाही नाही. उरलेल्या पन्नास वासिलकडे आहेत, त्या मागवाव्यात, हे त्याच्या मनात आलं नाही. एकतीस वर्षं ज्यानं एका लॉटवरून कधी निकाल दिला नाही, त्यानं त्या दिवशी कोट चढवायच्या आत पुठ्ठा लिहिला. ‘सॅबोल. मापं चांगली. तोंडाला ताव दिलेला नाही, पितळ ठिसूळ. घेऊ नका.’

दुसऱ्या दिवशी सकाळी रॉनी त्याच्या दारात उभी. बर्फानं भरलेले बूट तिनं पायपुसण्यावर झटकले आणि आत येऊन एक चिरलेली पुंगळी उचलली. खिडकीशी नेली. बोटानं चीर चाचपली. मग नाकाशी धरली.

“एमिल, कशानं पुसल्यात या?”

एमिल तेव्हा कॉफी ओतत होता. त्यानं मागं वळूनही पाहिलं नाही. “मला पितळ शिकवू नकोस, रॉनी.”

“शिकवत नाहीये. विचारतेय. यांना तावाचा डाग होता, तो कुठं गेला?”

“ताव दिला असता तर फुटल्या असत्या का?”

तिनं टेबलाकडे पाहिलं, ओल्गाच्या रिकाम्या खुर्चीकडे पाहिलं. पुंगळी जागेवर ठेवून निघून गेली. एमिलनं दोन कप ओतले होते. दुसरा त्यानं मोरीत ओतला.

एमिलचे पुठ्ठे लोक उतरवून घेत. चार जिल्ह्यांतल्या क्लबांमध्ये महिनाभरात तोच मजकूर लागला. पुढच्या उन्हाळ्यात रॉनीच्या प्रेस भंगारवाल्याच्या ट्रकमध्ये चढल्या आणि रॉनी इस्पितळाच्या धुलाईखान्यात चादरींना इस्त्री करायला लागली. रविवारी चर्चमध्ये एमिल दिसला की मान हलवायची. एमिललाही वाटायचं, पोरगी समजूतदार आहे, मनात ठेवलं नाही. शेळी जाते जिवानिशी, खाणारा म्हणतो वातड. इथं तर खाणाऱ्याला आपण खाल्लं हेच ठाऊक नव्हतं.

दोन वर्षांनी, फेब्रुवारीतल्या एका मंगळवारी, वासिल एमिलच्या शेजारच्या जागेवर उभा राहून नेम धरत होता. दहा बार झाले. वासिलनं पुंगळ्या गोळा करून एमिलसमोरच्या फळीवर टाकल्या. एमिलचा कान आधी गेला, मग नजर. सगळ्या किणकिणत होत्या. आणि सगळ्यांच्या तोंडाशी निळसर-तपकिरी डाग होता.

“या कुणाच्या?”

“रॉनीच्या. त्याच त्या,” वासिल म्हणाला. “बारा-तेरा वेळा भरल्या असतील. एक फुटेल तर शप्पथ.”

“डाग कसा राहिला?”

“मी घासतो कुठं? चमकवून काय करायचंय, त्यांना लग्नाला न्यायचंय?”

एमिलनं त्याच्याकडून सहा मागून घेतल्या. त्या रात्री त्याला झोप लागली नाही असं मी म्हणणार नाही. एमिल तपासनीस होता, तो झोपला. पण सकाळी उठून त्यानं कॉफीचे दोन डबे घेतले. एकात तीन पुंगळ्या नुसत्या ठेवल्या. दुसऱ्यात तीन, आधी उजळून, ओल्गाच्या फडक्यात गुंडाळून. दोन्हींची झाकणं लावली, दोन्ही स्टोव्हशेजारी ठेवले आणि भिंतीवरच्या कॅलेंडरात तीन आठवड्यांनंतरच्या दिवसावर खूण केली.

दिवस भरल्यावर त्यानं डबे उघडले. नुसत्या तिन्ही खुळखुळवल्या, किणकिणल्या. फडक्यातल्या तिन्ही खुळखुळवल्या. बोदा आवाज. काडतुसं भरायच्या प्रेसवर तोंड जरा रुंद करायला घेतलं, तर दोन तिथल्या तिथे चिरल्या. चीर उभी, अगदी तशीच.

मग त्यानं पॉलिशचा डबा उचलला आणि जन्मात पहिल्यांदा त्याच्या पाठीमागचं बारीक छापलेलं वाचलं. अमोनिया.

एमिल खुर्चीत बसला. ताण असलेल्या पितळाला अमोनिया लागला की ते आतून तडकतं, हे कारखान्यातल्या झाडूवाल्यालासुद्धा ठाऊक होतं. तपासणीच्या खोलीत जमीनदेखील अमोनियाच्या पाण्यानं पुसायची बंदी होती. दारावर तशी पाटी होती, लाल अक्षरांची, आणि ती एमिलनं स्वतः रंगवली होती. त्या पाटीखालून रॉनी नऊ वर्षं रोज आत आली होती. तिनं त्या दिवशी जे विचारलं ते एमिलनंच तिला शिकवलं होतं.

त्याला लाज वाटली. साधीसुधी नाही, कान तापले, मान तापली, एकट्याच्या घरात त्यानं तोंडावर हात धरले. तावाची खूण त्यानं आपल्या हातानं पुसली होती आणि मग लिहून दिलं होतं, की ताव दिलाच नव्हता.

माणूस लाजला की लगेच शहाणा होतो असं नाही. एमिलनं आधी काय केलं, तर मंगळवारी सगळ्यांच्या आधी जाऊन रॉनीच्या नावाचा पुठ्ठा हळूच काढून कोटाच्या खिशात घातला. पण भिंत सिगारेटच्या धुरानं पिवळी झालेली. पुठ्ठ्याच्या जागी पांढरा चौकोन उरला. लेफ्टी आल्या आल्या म्हणाला, “अरे, सॅबोलबाईंची शिक्षा संपली वाटतं?”

“जुना झाला होता,” एमिल म्हणाला. आणि त्या संध्याकाळी त्याचा एकही बार काळ्यात लागला नाही.

तेव्हा ईस्टरआधीच्या उपासाचे दिवस चालू होते. या दिवसांत सेंट मायकेलच्या तळघरात दर गुरुवारी बायका पिरोगी करतात, म्हणजे सारण भरून उकळलेल्या करंज्या, शुक्रवारच्या विक्रीला. शंभर डझन, दोनशे डझन. बटाट्याचं सारण, कोबीचं सारण, आणि गावभरच्या भानगडी. एमिल समयांसाठी वर जायचा तेव्हा खालचं हसणं ऐकू यायचं. त्यात रॉनीचं हसणं वेगळं कळायचं. त्या गुरुवारी तो वर गेलाच नाही. जिना उतरून खाली गेला.

“एमिल, फुटक्या हव्यात का?” एक म्हातारी ओरडली. उकळताना फुटलेल्या पिरोगी एकट्या पुरुषांना फुकट देतात. “आज फुटक्या नाहीत बाबा, आज रॉनी कडा चिमटतेय. तिच्या हातची फुटत नाही.”

हे ऐकून एमिल जिन्यापाशीच थबकला. मग टेबलाशी गेला. रॉनीचे हात कोपरापर्यंत पिठानं पांढरे होते. त्यानं खिशातून चिरलेली एक पुंगळी काढून तिच्यासमोर पिठात ठेवली.

“ओल्गाचं पॉलिश होतं,” तो म्हणाला. “परवा पाहिलं मी. करून पाहिलं. तुझं पितळ चांगलं होतं.”

रॉनीनं पुंगळीला हात लावला नाही. हातातल्या पिरोगीची कड चिमटत राहिली, अर्धी, मग पूर्ण.

“मला माहीत होतं,” ती म्हणाली. “वास आला होता मला त्या दिवशीच.”

“मग बोलली का नाहीस?”

“बोलले होते एमिल. तुम्ही कॉफी ओतत होता.”

एमिलला जमीन दुभंगेल तर बरं असं झालं. तो म्हणाला, “माझं चुकलं, रॉनी.”

“इथं सांगून काय उपयोग? या बायकांनी काय माझ्या पुंगळ्या घेणं थांबवलं होतं?” तिचा आवाज चढला नाही. “जिथं लिहिलंत तिथं सांगा. आणि सगळं सांगा. अर्धंच सांगाल तुम्ही, ओळखते मी तुम्हाला.”

“तू मला—”

“माफ केलं का? नाही. अजून तरी नाही.” तिनं पुंगळी दोन बोटांनी उचलून त्याच्या हातात दिली. “ही घ्या. सारणात जाईल.”

पुढच्या मंगळवारी एमिल कॉफीच्या भांड्याशी उभा राहिला. खिशातून नवा पुठ्ठा काढून पांढऱ्या चौकोनावर लावला. ‘सॅबोल. पितळ उत्तम, ताव दिलेला. चूक तपासणाऱ्याची. ई. हुडाक.’ मग वळून त्यानं सांगितलं. पॉलिश, अमोनिया, डबा, तीन आठवडे.

मग लेफ्टी म्हणाला, “म्हणजे ओल्गानं वरून काम बिघडवलं म्हण की!” आणि सगळे हसले, चांगल्या मनानं. कुणी पाठीवर थाप मारली, कुणी कॉफी आणून दिली. अरे होतं, बायको नुकती गेलेली, माणूस तापानं फणफणलेला, कुणाचंही झालं असतं. पाच मिनिटांत माफी देऊन मोकळे. माफी देणारे सगळे ते, ज्यांचं काहीच गेलं नव्हतं. एमिलनं कॉफीचा घोट घेतला. बसून घ्यावं, एवढंच उरलं होतं. खुर्ची मागं होतीच.

तेव्हा वासिल म्हणाला, “पण काय रे, रॉनीला नाही का शंका आली? ती पण तपासणीतलीच ना?”

त्यानं सहज विचारलं होतं. एमिलनं ‘नाही’ म्हटलं असतं तर तळघरात कुणालाही कळलं नसतं.

“आली होती,” एमिल म्हणाला. त्यानं कप फळीवर ठेवला. “दुसऱ्याच दिवशी घरी आली. कशानं पुसल्यात, म्हणून विचारलं मला. मी म्हटलं, मला पितळ शिकवू नकोस. पॉलिशचा डबा टेबलावरच होता. मान वळवली असती तरी दिसला असता.”

या वेळी कुणी हसलं नाही. लेफ्टीनं टोपी काढून पुन्हा घातली. त्यालाही बहुतेक त्याची भांडी आठवली असावीत. पहिल्या रांगेतला कुणीतरी आपली गोळ्यांची पेटी उगाच उघडून बंद करू लागला.

शेवटी वासिल पुढं आला. हे असं वातावरण त्याला सहन होत नाही. त्यानं खिशातून दोन नव्या पुंगळ्या काढल्या. दक्षिणेकडची कुणी नवी कंपनी, एका फेरीत मिळालेल्या. “बरं, ते जाऊ दे. या बघ जरा. कशा वाटतात?”

एमिलचा हात सवयीनं पुढं झाला. पुंगळ्या तळव्यात पडल्या, बोटं मिटू लागली. मग त्यानं त्या वासिलच्या हातात परत दिल्या.

“रॉनीला दाखव,” तो म्हणाला. “गुरुवारी. चर्चच्या खाली असते.”

“पिरोगीच्या बायकांत? मी?”

“टोपी काढून जा.”

गुरुवारी एमिल वर समया पुसत होता, लिंबाच्या फोडीनं आणि मिठानं. हात दुखत होता आणि चकाकी ओल्गाच्या अर्धीही येत नव्हती. खालून बायकांचा गलका ऐकू आला, मग वासिलचा बुजलेला आवाज, मग खुर्ची सरकल्याचा. रॉनी पिठाचे हात झटकत असावी. दोन पुंगळ्या टेबलावर टाकल्याचा आवाज आला. किणकिण चांगली होती, एमिलला वरूनसुद्धा कळलं. खाली जावंसं वाटलं; तो गेला नाही.

“आधी मला सांग वासिल,” रॉनीचा आवाज आला, “कशानं पुसल्यास या?”

एमिलच्या हातातली लिंबाची फोड थांबली. कान पुन्हा तापले. वासिलनं काय सांगितलं ते वर नीट ऐकू आलं नाही. पण त्यानं उत्तर दिलं.